जांभळा मका : उपाशी की मुळातच तसा?

प्रश्न : माझा मुलगा कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोत तोलुका शहरात असतो. त्याने पाठवलेल्या फोटोत तिथला मका बुंध्याशी जांभळा आहे आणि त्यावर चक्क लव आहे. आमच्याकडे मका जांभळा पडला की दुकानदार स्फुरदाचं खत देतो. तिथले लोक खत घालत नाहीत का? मुलाने थोडं बी आणलं तर इथे येईल का? – एक शेतकरी भगिनी, सिन्नर

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाने माझी जुनी फजिती आठवली. नोकरीच्या सुरुवातीला प्रक्षेत्रावर परदेशी मक्याच्या काही ओळी होत्या, त्यातल्या दोन बुंध्यापासून जांभळ्या. मी मोठ्या थाटात सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचंच खत, टाकायला लावलं. पंधरा दिवसांत रोपं हातभर वाढली, रंग जिथल्या तिथे. म्हातारा मुकादम हसत म्हणाला, "साहेब, उपाशी पोर असं बाळसं धरतं व्हय?"

स्फुरद कमी पडला की खालच्या जुन्या पानांची टोकं आणि कडा जांभळ्या होतात, रोप खुरटतं. तुमच्या फोटोत पानं हिरवीगार आहेत. रंग आहे तो खोडाला गुंडाळलेल्या पर्णकोषावर, आणि झाडून सगळ्या ताटांवर. म्हणजे तो वाणाचाच.

तोलुका सुमारे २,६०० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्यापासून आणखी जवळजवळ हजार मीटर वर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते आणि अतिनील किरणं वाढतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की आपल्याकडे पेपरात फोटो येतो, तिथे पीक उभं असताना असं हिम, म्हणजे गोठलेलं दव, पडतं. जांभळ्या रंगाने पहाटेचं कोवळं ऊन जास्त शोषलं जातं, अतिनील किरणंही काही प्रमाणात अडतात. लवेमुळे खोडालगत हवेचा पातळ थर टिकून राहतो. थोडक्यात, ती त्या मक्याची घोंगडी.

खरी गंमत ही घोंगडी आली कुठून, यात आहे. मका मूळचा डोंगरावरचा नव्हे. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या नैऋत्येला, बाल्सास नदीच्या उबदार खोऱ्यात, तेओसिन्ते नावाच्या रानगवतापासून तो घडला. माणसांबरोबर तो वर चढला तेव्हा तिथे याच गवताची दुसरी उपजात आधीपासून थंडीत मुरलेली होती. तिचं नाव मेक्सिकाना. मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात, बांध जुमानत नाहीत. संकर झाले, शेतकऱ्यांनी तगलेल्या ताटांचं बी राखलं आणि रानटी भावकीचे गुण मक्यात उतरले. बदल व्हायला हजारो वर्षं थांबावं लागलं नाही. तयार माल शेजारी होता.

यातला एक तुकडा मला फार आवडतो. मक्याच्या चौथ्या गुणसूत्रावर डीएनएच्या सुमारे १.३ कोटी अक्षरांचा एक पट्टा डोंगरी मक्यात उलटा बसलेला आहे, जणू माळेतला मधला भाग सोडवून उलटा ओवावा तसा. हा उलटा पट्टाही मेक्सिकानाकडूनच आलेला. उलट्या आणि सुलट्या पट्ट्याची एका झाडात गाठ पडली तरी त्यांच्यात सहसा अदलाबदल होत नाही, म्हणून आतली जनुकं एकत्रच पुढच्या पिढीत जातात. हा पट्टा असलेला मका उंचावर सुमारे तीन दिवस आधी फुलोऱ्यात येतो. तीन दिवसांचं काय एवढं, असं वाटेल. दाणा भरता भरता हिम आलं म्हणजे कळतं.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावरही मका पोचला, पण तिथे तेओसिन्ते नाहीच. त्या मक्याने उंची स्वतःच्या वाटेने जिंकली. हा उलटा पट्टा त्याच्यात सापडत नाही.

आता बियाण्याचं. खिशातून आणू नका. परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि रोगतपासणी लागते, आणि ते बरंच आहे. आणलंच, तरी सिन्नरच्या उन्हात ते घाईघाईने वाढेल, कमरेएवढं असतानाच तुरा टाकेल आणि करप्याला बळी पडेल. डोंगरात जे कामाचं, ते खाली ओझं. तोलुकाचं नाव तुमच्या भागाला अगदी परकं नाही, बरं का. हरित क्रांतीचे जनक नॉर्मन बोर्लॉग गव्हाची एक पिढी हिवाळ्यात मेक्सिकोच्याच सखल सोनोरा राज्यात आणि पुढची उन्हाळ्यात तोलुकाच्या उंचीवर घेत. दिवस लहान असो वा मोठा, वेळेवर निसवणारा गहू त्यातून हाती आला. साठच्या दशकात भारतात आलेले मेक्सिकन गहू त्याच घराण्यातले. पण तो दोन्हीकडे पेरून निवडलेला होता, हा मका नाही.

मुलाकडून आणखी एक फोटो मात्र मागवा. तिथल्या मक्याच्या शेतात मेक्सिकाना तण म्हणून उगवतं, तेही जांभळं, तेही लवदार. तुरा येईपर्यंत मुरलेला शेतकरीसुद्धा खुरपताना फसतो. कणीस धरलं की ओळखू येतं : बोटाएवढं, आणि त्यात जेमतेम दहाएक दगडासारखे दाणे.