प्रबंध कशात लिहावा

चि.स अनेक आशीर्वाद,

प्रबंध वर्डमध्ये लिहू की लेटेकमध्ये, असं तू विचारलंस. (लेटेक म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहायचं आणि त्यातून जुळवलेली पीडीएफ काढायची.) लॅबमधले सगळे लेटेक म्हणतात, एवढ्यावरच ते घेऊ नकोस. आधी गाईडना विचार: पीडीएफवर शेरे लिहिलेले त्यांना चालतील का? त्यांना वर्डमधल्या ट्रॅक चेंजेसशिवाय, म्हणजे मजकुरातच केलेले बदल दाखवणाऱ्या सोयीशिवाय, करमत नसेल, तर मुकाट वर्ड घे. दर आठवड्याला तुझ्या लेटेकच्या आणि त्यांच्या वर्डच्या फायलींमधले बदल हातानं जुळवत बसलीस तर संशोधन बाजूलाच राहील.

पण ते हो म्हणाले, तर माझा कल लेटेककडे आहे.

माझा प्रबंध मी वर्डमध्ये लिहिला आणि समीकरणांचे क्रमांक हातानं टाकले. जमा करायच्या आठवड्यात दुसऱ्या प्रकरणात एक समीकरण वाढलं. पुढचे सगळे आकडे बदलले, मजकुरातले ‘समीकरण 2.11 पाहा’सारखे उल्लेख रात्रभर शोधले, तरी तीन राहिलेच. ते परीक्षकांनी तोंडी परीक्षेत दाखवले. दोष वर्डचा नव्हता. क्रॉस-रेफरन्सची सोय त्यात तेव्हाही होती, मी ती शिकलो नव्हतो. लेटेकमध्ये समीकरणाला लेबल लावायचं, हवं तिथे त्या नावानं बोलवायचं आणि आकडा कधीच टाइप करायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लागते. तुझ्या चार प्रकरणांत समीकरणांची रांग आहे, म्हणून हे एवढं सांगतोय.

लेटेकच्या मुळाशी टेक हा पानांची जुळणी करणारा प्रोग्रॅम आहे. 1977 साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्याकडे त्यांच्याच पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. शिशाच्या खिळ्यांची जुळणी जाऊन छायाजुळणी, म्हणजे फोटोच्या तंत्रानं होणारी जुळणी, आली होती आणि गणिताची पानं त्यांना बघवेनात. मग त्यांनी जुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला, तोच टेक. टेक एकेक ओळ तोडत जात नाही. अख्खा परिच्छेद नजरेसमोर ठेवून कुठे तोडलं तर शब्दांमधली अंतरं सगळीकडे नीट राहतील, हे ठरवतं. छापलेलं पान हातात धरलंस की हा फरक डोळ्यांना कळतो. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञांनी त्यावर लेटेक रचलं, म्हणून आपण ‘हे प्रकरण, हा विभाग’ एवढंच सांगून मोकळे होतो.

सुरुवातीचे पंधरा दिवस जड जातील. एक महिरपी कंस राहिला की चूक भलत्याच ओळीवर दाखवतं. घाबरू नकोस, दर पाच-दहा ओळींनी कंपाइल करत जा, म्हणजे फाइलमधून पीडीएफ काढून बघत जा. गुंतागुंतीचे तक्ते मात्र लेटेकमध्ये छळतात. तिथे वर्ड सरळ जिंकतं.

मराठी गोषवारा जोडायचा असेल तर पीडीएफलेटेक या लेटेकची पीडीएफ काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नकोस. त्याच कामाचा दुसरा प्रोग्रॅम, झीलेटेक, घे. ते युनिकोड मजकूर आणि ओपनटाइप फॉन्ट थेट घेतं. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ हे दोन शब्द आधी छापून बघ. त्यातला ऱ्य नीट उमटला नाही तर फॉन्ट बदल.

आणि वर्डच घ्यावं लागलं, तर शीर्षकं ठळक करून मोठी करू नकोस, हेडिंग स्टाइल लाव. अनुक्रमणिका त्यातूनच तयार होते. समीकरणांचे आणि आकृत्यांचे क्रमांक कॅप्शनमधून येऊ दे.

गाईडचं उत्तर आलं की कळव. लेटेक ठरलं तर दुसरं प्रकरण आधी उतरव, सगळ्यात जास्त समीकरणं त्यातच आहेत. फाइल आणि पीडीएफ दोन्ही पाठव, मी रविवारी बघतो.

तुझा,
काका