अर्ध्या मॅलॉकमधून उठवलेलं काम

प्रश्न : ताई, मी फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सवर सी भाषेत स्वतःचे थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामात आळीपाळीने चालणारी कामं, लिहितोय. सेटआयटायमरने लावलेल्या टायमरमुळे दर 10 मिलिसेकंदांनी सिगअलार्म हा सिग्नल येतो आणि तो आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधूनच, म्हणजे हँडलरमधूनच, मी लाँगजम्पने (थेट दुसऱ्या जागी उडी मारणाऱ्या कॉलने) दुसऱ्या कामावर जातो. आधी अदलाबदल एकदाच व्हायची. सिगसेटजम्प, सिगलाँगजम्प वापरल्यावर ते सुटलं. आता मात्र काही मिनिटांनी प्रोग्राम कधी गोठतो, कधी सेगमेंटेशन फॉल्ट देतो, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावून बंद पडतो. दोन्ही कामं मेमरी मागायला मॅलॉक वापरतात. चूक कुठे आहे?

उत्तर : पहिली अडचण तू बरोबर सोडवलीस. हँडलर चालू असताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) तोच सिग्नल अडवून धरतो आणि हँडलर परतला की मोकळा करतो. तू परतलाच नाहीस, मधूनच उडी मारलीस. लिनक्सवर साधा लाँगजम्प सिग्नल-मास्क (अडवलेल्या सिग्नलांची यादी) पूर्ववत करत नाही, म्हणून पुढचा सिग्नल अडकूनच राहिला.

दुसऱ्या चुकीने मला 2008 च्या पावसाळ्यात म्हापशाच्या भाड्याच्या खोलीत तीन रात्री जागवलंय. प्रोग्राम कधी दोन मिनिटांत अडकायचा, कधी तासभर नीट चालायचा, आणि चूक पकडीत येतेय असं वाटलं की नेमकी वीज जायची. शेवटी गोठलेल्या प्रोग्रामला जीडीबी हा चुका शोधायचा डीबगर जोडला. चालू काम मॅलॉकच्या आत, एका वेळी एकालाच सोडणाऱ्या कुलपाची (लॉकची) वाट बघत होतं. ते कुलूप होतं टायमरने मध्येच बाजूला सारलेल्या कामाकडे, आणि तेही मॅलॉकच्या आतच थांबलेलं. कर्नलच्या लेखी हा सगळा एकच थ्रेड, मग कुलूप उघडणार कोण? कुलूप नसलं तर याहून वाईट : हीपच्या, म्हणजे मॅलॉक जिथून मेमरी देतो त्या साठ्याच्या, याद्या अर्धवट जोडलेल्या असतात आणि दुसरं काम त्यांतच हात घालतं. तुझा सेगमेंटेशन फॉल्ट बहुधा तिथला. घरात आदोळी (नारळ खवायची विळी) एक आणि आई अर्ध्या नारळावरून उठलेली, तसंच हे.

म्हणून हँडलरमध्ये उडी नको. तिथे फक्त व्होलाटाइल सिग-अॅटॉमिक-टी प्रकारचा (सिग्नल मध्ये आला तरी अर्धवट लिहिला न जाणारा) एक झेंडा, म्हणजे खुणेचा व्हेरिएबल, वर कर. काम आपल्या सोयीच्या जागी, लूपच्या टोकाला, झेंडा पाहील आणि स्वतः जागा सोडेल. झेंडा कधीच न पाहणारा लूप यात अडून बसतो, हे खरं. ते चालणार नसेल तर मॅलॉक, प्रिंटएफ अशा प्रत्येक कॉलआधी सिगप्रॉकमास्कने सिग्नल अडव, नंतर सोड. त्यात दर वेळी दोन सिस्टम कॉल (कर्नलकडे फेऱ्या) जातात आणि एखादी जागा हमखास विसरते. मी झेंड्याच्या बाजूची.

गो भाषेने 2020 मध्ये, 1.14 आवृत्तीत, सिग्नलने काम थांबवायला सुरुवात केली. तिचा हँडलरसुद्धा आधी बघतो की काम सुरक्षित जागी आहे का. नसेल तर त्याला तसंच पुढे जाऊ देतो. ती सुरक्षित जागा तिला कंपायलर सांगतो. सीमध्ये ते तुलाच ठरवावं लागेल.

दुरुस्ती झाली की टायमर 10 वरून 1 मिलिसेकंदावर आण, म्हणजे उरलेली चूक लवकर वर येईल. रात्रभर चालू ठेव आणि काय झालं ते मला कळव.