होलिडे जंक्शन पहिल्यांदा कापताय? आधी एवढं बघा

एन्झाइमनं होलिडे जंक्शन कापायचा प्रयोग करताय, छान विषय निवडलात! एक गोष्ट पक्की धरा: हे जंक्शन कापणारी एन्झाइम्स मुख्यतः आकार ओळखतात. डीएनएच्या चार दुहेरी भुजा भेटतात तो चौक, म्हणजेच होलिडे जंक्शन, त्यांना हवा असतो. मॅग्नेशियम असलं की भुजा जोडीजोडीनं एकमेकींवर रचल्या जातात. नसलं तर चौक सपाट उघडतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- ई. कोलाय या जिवाणूचं रुव्ह-सी हे एन्झाइम घेतात, पण चौकावर त्याला लागणारा डीएनएच्या अक्षरांचा क्रमच नसतो. त्याला आकाराबरोबर ए किंवा टी, मग टी-टी, मग जी किंवा सी असा क्रम लागतो. छेद टी-टीच्या लगेच पुढे. यात माझे बरेच दिवस गेलेत. तुम्ही टी-७ एंडोन्यूक्लिएज-१ नं सुरुवात करा, त्याला क्रमाची एवढी अट नाही.
- बफरमध्ये जास्तीचं ईडीटीए. ते मॅग्नेशियम धरून ठेवतं. एन्झाइम चौकाला बसलं तरी कापत नाही.
- चार धागे घाईनं थंड करणं. ९५ अंशांवरून सावकाश उतरवा.

चौक जुळला का, ते साध्या (युरिया नसलेल्या) जेलवर बघा. छेदाची नेमकी जागा धागे सुटे करणाऱ्या युरियाच्या जेलवर. वेग मोजणं आत्ता नको. पहिल्या जेलचा फोटो आला की दाखवा, मिळून वाचू.