डबीतला पेसमेकर

प्रश्न : दहनाआधी वडिलांच्या छातीतून पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र) काढून दिला. दोनच वर्षांचा आहे. त्यासाठी आम्ही म्हैस विकली होती. कुण्या गरजूला देता येईल का? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : काढलात ते बरं झालं, सरणावर त्याची बॅटरी फुटते. देता येईल का? शक्य आहे, पण डबीतून थेट कुणाच्या छातीत नाही. आधी बॅटरी किती उरली ते तपासायचं, मग निर्जंतुकीकरण. यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी वायर मात्र नवी लागते, आणि तीही स्वस्त नाही.

अमेरिकेत वापरलेलं यंत्र दुसऱ्याला बसवू देत नाहीत. तिथल्या मृतांची अशी यंत्रं वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात आली आणि ५३ गरीब रुग्णांना बसवली गेली. तिकडचा कचरा, इकडचा श्वास! मला हे वाचून आनंद झाला आणि रागही आला.

पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसला. काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांना एकूण २६ यंत्रं लागली आणि ते ८६ वर्षं जगले. माझ्या ओपीडीत बॅटरी संपत आलेल्या एक आजी पदराची गाठ सोडत विचारतात, “डॉक्टर, नवं यंत्र अजून सहा महिने ढकलता येईल का हो?” नाडी मिनिटाला ३८, म्हणजे फारच मंद. स्वीडनमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नसेल.

तुमची डबी हृदयरोग विभागात नेऊन दाखवा. सोबत यंत्राचं कार्ड न्या, त्यावर मॉडेल आणि तारीख असते.