‘ऑपरेशन चांगलं झालं, मग आई अशी का?’

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून बरेचदा येतो. आईच्या जागी कधी बाबा असतात, कधी नवरा, कधी जेमतेम तिशीतला भाऊ. मेंदूतली गाठ काढली, रिपोर्ट चांगला आला, टाके निघाले, डॉक्टर म्हणाले आता काळजी नको. घरी आलेलं माणूस मात्र तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतं, मध्येच भडकतं, चार वाक्यं बोलून दमतं. मग घरातलं कुणीतरी माझ्या खोलीचं दार लोटून घेतं आणि हळू आवाजात विचारतं, हे असंच राहणार का? ती मुद्दाम तर करत नाही ना?

उत्तर म्हणून एका ताईंची हकिगत सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे. नाव-गाव देत नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

ताई ४७ वर्षांच्या. पुण्यापासून अडीच तासांवरच्या तालुक्याच्या गावात पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. पहाटे पाचला कणीक, सातला पहिले डबे, रोजच्या दीडेकशे पोळ्या, मदतीला दोघीजणी. वर्षभर डोकं दुखत होतं, पण ‘दिवसभर तव्यासमोर उभं राहिल्यावर दुखणारच’ म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं. एका सकाळी उजवा हात आपोआप झटके देऊ लागला आणि त्या ओट्यापाशीच कोसळल्या. फिट आली होती. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, पुढच्या भागावर, मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ दिसली. तिला मेनिन्जिओमा म्हणतात. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, सावकाश वाढते आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळते. पुण्याला ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, बायोप्सीत ती पहिल्या श्रेणीची म्हणजे साधी ठरली. नवव्या दिवशी ताई घरी आल्या आणि घरच्यांनी पेढे वाटले.

माझ्याकडे त्या आल्या दहा आठवड्यांनी. सोबत नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि जाऊबाई. डोक्याला सुती रुमाल, त्याखाली बोटभर वाढलेले केस. मी ताईंना विचारलं, “झोप कशी लागते?” नवरा म्हणाला, “झोपते, पण मध्येच उठते.” मी विचारलं, “जेवण?” मुलगी म्हणाली, “आता बरं जेवते.” चहा आला तेव्हा विचारलं, “ताई, साखर चालेल?” जाऊबाई म्हणाल्या, “कमी घाला.” वीस मिनिटं मी ताईंकडे बघून प्रश्न विचारत होते आणि एकही प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. सगळे मायेनेच बोलत होते. तिला त्रास नको, म्हणून.

मग मी तिघांना बाहेर बसायला सांगितलं आणि नुसती बसून राहिले. बराच वेळ गेला. ताईंनी दोन्ही हात उचलून काहीतरी उंचावर ठेवल्यासारखं केलं आणि तुटक बोलल्या, “मला... फडताळात... ठेवलंय.”

त्या घरात काय चाललं होतं, ते मला या तीन शब्दांत कळलं. ताईंच्या हातातलं सगळं काढून घेतलं होतं. लाटणं, किल्ल्या, फोन, केंद्राची वही, शेवटी बोलणंसुद्धा.

बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात. गाठ तिथेच दाबून होती, ऑपरेशननंतर तिथे सूजही आली. म्हणून ताईंना सगळं समजायचं, काय म्हणायचं तेही माहीत असायचं, पण शब्द हाताला लागायचा नाही. जाऊबाईंना हे पटत नव्हतं. “मॅडम, संध्याकाळची अख्खी आरती म्हणते ही. बेचा पाढा म्हणते. आणि ‘पाणी द्या’ म्हणता येत नाही?” हा संशय पुष्कळ घरांत असतो आणि पेशंटला तो फार लागतो. लहानपणापासून घोकलेलं, तालात बसलेलं बोलणं एकदा सुरू झालं की आपल्या वेगाने पुढे जातं. आरती, पाढे, वारांची नावं, अगदी शिव्यासुद्धा. ‘पाणी द्या’ मात्र दर वेळी नव्याने शोधून, जुळवून म्हणावं लागतं. त्या दोन वाटा वेगळ्या आहेत. एक शाबूत आणि दुसरी अडलेली, असं होऊ शकतं. जाऊबाईंनी हे ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, “मी तिला नाटकी म्हणाले होते. तिच्या तोंडावर.” आणि रडल्या.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. मी ताईंना वही दिली, रोज मनातलं दोन ओळी लिहा म्हटलं. आठवड्याने वही कोरी परत आली आणि ताई मान वर करेनात. जिथे बोलण्याचे शब्द अडतात तिथे लिहिण्याचेही अडतात, हे मला माहीत होतं, तरी सवयीने मी तो गृहपाठ दिला. त्यांची माफी मागितली आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं ठरवलं. ते खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. गावात कुणी नव्हतं, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका बाईंकडे आठवड्यातून एकदा जाणं आणि दोनदा व्हिडिओवर सराव असं जमवलं. मुंबईकडच्या वाचकांना सांगते, वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे वाचा-उपचार मिळतात. पेशंटचं बोलणं अडत असेल तर ‘येईल हळूहळू’ म्हणत बसू नका. पहिल्या काही महिन्यांत मेंदू भराभर सावरतो, तो काळ हातचा जाऊ देऊ नये.

घरच्यांना मी एकच गोष्ट करायला सांगितली. ताई बोलायला लागल्या आणि अडल्या, की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. तोवर शब्द पुरवायचा नाही, वाक्य पुरं करायचं नाही, ‘जाऊ दे, कळलं’ म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, सहाव्या आकड्याला जीव कासावीस होतो. मुलीला ते सगळ्यात जड गेलं. आईच्या आधी आईचा शब्द तिच्याच तोंडात यायचा. एकदा ताईंनी तिच्यावर वाटी भिरकावली ती अशाच वेळी.

वाटी फेकल्यापासून घरात ‘ऑपरेशनने स्वभावच बदलला’ हे वाक्य रुजलं होतं. मी त्यांना फाइल आणायला सांगितली. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू होतं. चांगलं औषध आहे, पण काही जणांना त्याने चिडचिड होते, मन खाली जातं. मी औषधं देणारी नाही, म्हणून एवढंच म्हटलं, की हे न्यूरोसर्जनना सांगा आणि गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. त्यांनी तपासून औषध हळूहळू बदललं. चिडणं पुष्कळ कमी झालं, गेलं नाही. उरलेली चिड खरीच होती. दीडेकशे पोळ्या करणाऱ्या बाईला कुणी पाण्याचा पेलाही उचलू देत नाही, तिने चिडू नये तर काय करावं?

दमणुकीचंही तसंच. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. दुखावलेल्या मेंदूला साधं ऐकणंसुद्धा कष्टाचं होतं. पंख्याचा आवाज, टीव्ही, तिघांचं एकदम बोलणं, यातून हवं ते निवडण्यातच तो थकतो. आणि आपल्याकडे तर आजाऱ्याला ‘बघायला’ यायची पद्धत. शहाळी, सफरचंदं घेऊन दिवसभर माणसं. प्रत्येकाला ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची असते आणि जाताना कुणाच्या तरी चुलतभावाच्या गाठीची गोष्ट सांगायची असते. ताई संध्याकाळी पडून राहायच्या ते यामुळे. मी सांगितलं, साडेपाच ते साडेसहा, एका वेळी दोन माणसं, टीव्ही बंद. जाऊबाईंनी उंबऱ्यात उभं राहून ते पाळलं. नात्यातली चार माणसं रागावली. रागावू देत.

आता नवऱ्याविषयी. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही उशिरा गेलं. तिसऱ्या भेटीनंतर ते जिन्यात थांबून म्हणाले, “मॅडम, मला घरी जायची भीती वाटते.” दोन महिने ते रात्री ताईंच्या मनगटावर हात ठेवून झोपत होते, म्हणजे झोपतच नव्हते. पुन्हा फिट आली आणि कळलंच नाही तर? योजनेतून ऑपरेशनचा खर्च निघाला होता, पण गाडीभाडं, बिनपगारी रजा आणि बंद पडलेले डबे हे सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर होतं.

फिट आली तर काय करायचं, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही घालायचं, गळ्याभोवतीचं सैल करायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. झटके पाच मिनिटांवर गेले, किंवा एकामागून दुसरी फिट आली, तर थेट दवाखाना. डोकेदुखी वाढत जाणं, उलट्या, ताप, जखमेतून पाण्यासारखं काही येणं, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, हात-पाय नव्याने लुळा पडणं, यांतलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. हे त्यांनी माझ्यासमोर कागदावर लिहून खिशात ठेवलं. तेव्हापासून एक रात्र ते, एक रात्र मुलगी असं सुरू झालं. पुढच्या भेटीला आले तेव्हा दाढी केलेली होती.

आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारी मंडळी! मनापासूनच म्हणतात, पण ज्याच्या घरात दुखणं आहे तो माणूस कधीच सांगत नाही. मी ताईंच्या घरी असलेल्या कॅलेंडरचं जुनं पान मागवलं आणि त्याच्या पाठीवर नावं लिहायला लावली. पुण्यातल्या भावाला फॉलो-अपच्या तारखा आणि गाडी. जाऊबाईंना संध्याकाळचं फिरणं. शेजारच्या काकांना वीजबिल, गॅस, बँक. मुलीच्या नावापुढे मी मुद्दाम दोन वार मोकळे ठेवले, परीक्षा जवळ होती तिची. सगळ्यात शेवटी ताईंनी पेन्सिल मागितली आणि स्वतःच्या नावापुढे गोल काढला. पोळी.

सगळे एकदम “नको नको” म्हणाले. भीती रास्त होती. फिट येऊ शकणाऱ्या माणसाने एकट्याने गॅसपाशी उभं राहू नये, न्हाणीघराची कडी आतून लावू नये. पण लाटायला गॅस कुठे लागतो? डॉक्टरांना विचारून ठरलं, की ताईंनी बसून लाटायचं, भाजायचं दुसरीने. केंद्रातल्या दोघींपैकी एक दुपारी तासभर घरी येऊ लागली. पहिल्या दिवशी तीन पोळ्या झाल्या. उजवा हात थरथरत होता, पोळ्या वाकड्यातिकड्या. त्यानंतर ताई दोन तास झोपल्या, तर घाबरून मुलीने मला फोन केला. मी म्हटलं, झोपू दे, कमावलेली झोप आहे ती. पंधरा दिवसांनी बारा पोळ्या झाल्या आणि त्या मदतनीस बाईला ताईंनी पहिलं सलग वाक्य ऐकवलं: “पीठ जास्त झालंय.”

सगळं चढत्या क्रमाने झालं नाही. पाचव्या महिन्यात केंद्राचा हिशेब करायला बसल्या आणि बेरीज जमेना. तीनदा केली, तीन उत्तरं. त्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, “ओझं... झाले मी.” हे वाक्य आलं की मी आडवळण घेत नाही. सरळ विचारलं, “ताई, जगू नये असं वाटतं का?” त्या ‘हो’ म्हणाल्या. मग, “रात्री.” मी त्यांच्यासमोरच नवऱ्याला आत बोलावलं, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, गोळ्यांचा डबा जाऊबाईंच्या कपाटात गेला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिघांच्या फोनमध्ये घातला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तुमच्या घरात असं वाक्य कुणी उच्चारलं, तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. विचारा. विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट आत कोंडलेलं बाहेर येतं.

त्याच सुमारास मी त्यांची गाठ एका निवृत्त शिक्षकांशी घालून दिली. त्यांचंही असंच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालेलं. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. रुमाल काढून डोक्यावरचा व्रण दाखवला आणि म्हणाले, “पहिलं वर्ष मला बायकोला हाक मारता येत नव्हती. नाव सापडायचं नाही. टाळी वाजवायचो.” ताई हसल्या. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. मी पाच महिन्यांत जे देऊ शकले नव्हते ते त्यांना त्या अर्ध्या तासात मिळालं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. हिशेब आता मुलगी बघते आणि त्यावरून मायलेकींची रोज भांडणं होतात. नवरा म्हणतो, भांडणं पूर्वीसारखीच आहेत.

या गोष्टीला आता अकरा महिने झाले. ताई रोज चाळीसेक पोळ्या लाटतात. घाईत शब्द अजून अडतात, गर्दीत जास्तच. फोनवर बोलणं त्यांनी कायम टाळलं, कारण समोरचा दिसत नाही आणि थांबतही नाही.

गेल्या सोमवारी माझा फोन वाजला. नंबर ताईंच्या घरचा. मी “हॅलो” म्हटलं, पलीकडे शांतता. मागे लाटण्याचा आवाज नाही, मुलीचा नाही, कुणाचाच नाही. मी आकडे मोजायला लागले. सात, आठ.

“गुरुवारी... नको,” ताई म्हणाल्या. “एमआरआय.”

मी त्यांना शुक्रवारची वेळ दिली.