भाड्याचा फ्लॅट: स्वतःच्या नावावर की कंपनीच्या?

पर्वरीत फ्लॅट घेतोय, भाडे महिना ६०,०००. मी नोकरीत, पत्नी गृहिणी. प्रायव्हेट लिमिटेड काढली तर २२ टक्केच कर लागतो म्हणतात. खरे का? (वाचक, फोंडा)

२२ टक्के हा नुसता मूळ दर. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ होतो, आणि कंपनीला तो पहिल्या रुपयापासून लागतो.

हिशेब करू. वर्षाचे भाडे ७,२०,०००. भरलेली घरपट्टी १०,००० धरली, तर उरले ७,१०,०००. त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट तुम्हालाही मिळते, कंपनीलाही. करपात्र रक्कम ४,९७,०००. कर्ज नसेल तर कंपनीचा कर सुमारे १,२५,०००. बाकीचे पैसे लाभांश म्हणून घरी आणायचे, तर त्यावर पुन्हा तुमच्या स्लॅबने कर.

आता गोव्याची खास गोष्ट. तुमच्या लग्नाला इथली नागरी संहिता लागू असेल आणि विवाहपूर्व करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेली नसेल, तर आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ५ए) पगार सोडून बाकीचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे वाटले जाते. म्हणजे प्रत्येकी २,४८,५००. पत्नीला दुसरे उत्पन्न नसेल तर तिचा कर शून्य. तुम्ही अगदी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलात तरी तुमच्या वाट्याला सुमारे ७७,५००. मग कंपनी कशाला?

चूक होते ती रिटर्न भरताना. नवरा सगळे भाडे आपल्याच नावावर दाखवतो, तेही आयटीआर-१ मध्ये. तो फॉर्म इथे चालत नाही. आयटीआर-२ घ्या, त्यातले शेड्यूल ५ए पत्नीचा पॅन घालून भरा. भाडेकरूने टीडीएस कापला असेल तर तोही तिथेच वाटून दाखवा.

कंपनीच्या नावावर कर्ज काढले तर आमचे राहते घर सुरक्षित ना? (वाचक, म्हापसा)

कागदावर. एका फ्लॅटच्या नव्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागतेच. शिवाय एकच भाडेकरू असला तरी दरवर्षी ऑडिट, सर्वसाधारण सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४ (वर्षाचे हिशेब दाखल करण्याचा फॉर्म) आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. विसरलेले फॉर्म दोन वर्षांनी सापडले की आकडा हजारांत उरत नाही.

फ्लॅट आधीच माझ्या नावावर आहे. कंपनीकडे वळवू का? (वाचक, मडगाव)

नको. ती विक्रीच धरली जाते: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क पुन्हा, वर भांडवली नफ्यावर कर. पुढे घर विकून दुसरे घर घेतल्यावर व्यक्तीला भांडवली नफ्यावर मिळणारी सूटही कंपनीला नाही.

आम्ही तीन भावंडे कळंगुटला बंगला घेऊन पर्यटकांना देणार आहोत. कंपनी काढावी का? (वाचक, पणजी)

इथे मात्र विचार करण्यासारखे आहे. वैयक्तिक नावावर घेतले तर विकताना तिघांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात, आणि एक जण अडून बसला की व्यवहार अडतो. कंपनीत संचालक मंडळाचा ठराव पुरतो. माझे मत विचाराल तर आधी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) पाहा: कर ३० टक्के अधिक उपकर, पण नफा भागीदारांच्या हाती आल्यावर दुसऱ्यांदा कर नाही. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखालचे ऑडिटही नाही. पर्यटन खात्याकडची नोंदणी मात्र कुठल्याही नावावर घेतले तरी, पहिला पाहुणा येण्याआधी.