वाचकांचे प्रश्न : शाळेतल्या टॅबचे नियम

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. यंदा शाळेने प्रत्येक विद्यार्थ्याला टॅब दिला असून पालकांकडून एका हमीपत्रावर सही मागितली आहे. त्यातील चौदा नियमांपैकी ‘टॅब खराब झाल्यास संपूर्ण किंमत पालकांनी भरावी’ आणि ‘टॅबमधील मजकूर शाळा केव्हाही तपासू शकेल’ या दोन नियमांपाशी मी अडखळले आहे. सही करावी का?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : सही करण्यापूर्वी ते हमीपत्र पुन्हा एकदा वाचा आणि त्या चौदा नियमांपैकी शाळेने स्वतःवर किती घेतले आहेत ते मोजा. तुम्ही लिहिलेल्या दोन नियमांत तरी शाळेवर काहीच जबाबदारी दिसत नाही आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. बारा वर्षांच्या मुलीकडून जबाबदारीची अपेक्षा करणाऱ्या संस्थेने आपली जबाबदारीही त्याच कागदावर लिहून दिली पाहिजे.

नुकसानभरपाईचा नियम आज जसा आहे तसा मान्य करू नका. मुद्दाम केलेली मोडतोड, निष्काळजीपणा, अपघात आणि वापरामुळे होणारी झीज या चार वेगळ्या गोष्टी आहेत. लिथियम बॅटरीची क्षमता वापराने कमी होतच जाते. तिसऱ्या वर्षी टॅब दुपारपर्यंतही टिकेनासा झाला, तर तो दोष मुलीचा नव्हे. दोन वर्षे वापरलेल्या टॅबसाठी नव्याची किंमत मागणेही न्याय्य नाही. वॉरंटी किती आहे, विमा काढला आहे का, दुरुस्तीच्या काळात मुलीने अभ्यास कशावर करायचा आणि पाठ्यपुस्तके बदलली तर आतला अभ्यासक्रम कोण बदलून देणार, हे लेखी विचारा. शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. मुंबई महापालिकेने दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी 2015 मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब देण्यास सुरुवात केली आणि 2018 मध्ये आठवीची पाठ्यपुस्तकेच बदलली.

तपासणीबाबत शाळेची बाजू पूर्णपणे चुकीची नाही. टॅब शाळेच्या मालकीचा आहे आणि त्यावर मुले काय उघडतात हे पाहणे हे तिचे कर्तव्यच आहे. मात्र ‘केव्हाही’ या शब्दाला मर्यादा हवी. तपासणी कोणी करायची, ती मुलीच्या समोर व्हावी की नाही, घरी काढलेल्या फोटोंचे काय, हे स्पष्ट असायला हवे. अनेक शाळा टॅबवर दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसवतात आणि त्यातून कोणती अ‍ॅप वापरली गेली, काही वेळा टॅब कोठे आहे, हेही कळू शकते. असे सॉफ्टवेअर आहे का आणि शाळा सुटल्यानंतरही ते चालू राहते का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये झालेला कायदा 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवतो. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे आणि शैक्षणिक संस्थांना त्यात काही सवलतीही आहेत. तरीही संमती कशासाठी मागितली जात आहे हे सांगण्याचे सौजन्य शाळेने आजच दाखवावे.

सही नाकारून मुलीला वर्गात एकटे पाडू नका. आपल्या शंका लेखी द्या आणि विषय पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत घ्यायला लावा. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये शाळेतील स्मार्टफोनविषयी निर्णय देताना सरसकट बंदी नाकारली, वापरावर नियंत्रण ठेवायला सांगितले आणि धोरण ठरवताना पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांच्याशी सल्लामसलत व्हावी असेही म्हटले. तो निर्णय टॅबविषयी नव्हता, पण बैठकीत त्याचा दाखला देता येईल.

प्रश्न : आमची दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. पट 31 आणि लोकवर्गणीतून मिळालेले टॅब आठ. मुलांची ओढाताण होते, एका टॅबची काच तडकली आणि तेव्हापासून ते सगळे कपाटातच आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी कोणते नियम करावेत?
– एक शिक्षक, जव्हार तालुका

उत्तर : गुरुजी, टॅब कपाटात गेले ते मुलांच्या ओढाताणीइतकेच तुमच्या मनातल्या धास्तीमुळे, असे मला वाटते. वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढली की तिचा जाब शिक्षकालाच द्यावा लागतो. म्हणून पहिला नियम मुलांसाठी करू नका. शाळेच्या कामात अपघाताने झालेल्या नुकसानीची वसुली शिक्षकाकडून किंवा मुलाकडून होणार नाही, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आधी मांडा. वर्गणी देणारे गावकरीच तिथे बसलेले असतात. ते समजून घेतील.

मग टॅबना एक ते आठ क्रमांक द्या आणि प्रत्येक टॅबला चौघांचा कायमचा गट जोडा. ज्याच्या हातात टॅब असेल त्याने स्वतः उत्तर ठरवायचे नाही, बाकीचे सांगतील तसे करायचे, आणि प्रत्येक उदाहरणानंतर टॅब पुढच्याच्या हाती द्यायचा, एवढा एक नियम पाळला गेला तरी ओढाताण बरीच कमी होते, कारण मग टॅब हातात नसलेल्या मुलांनाही काम असते. लहान मुलांनी टॅब घेऊन चालायचे नाही, तो बसल्या जागी पोहोचेल. पोषण आहारानंतर हात धुऊन, पुसूनच त्याला हात लावायचा.

टाळेबंदीच्या काळात, 2020 मध्ये केंद्राने ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक सूचना काढली. पहिली ते आठवीसाठी दिवसात 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रे असावीत, असे तीत म्हटले होते. ती मुले घरी होती. तुमच्यासमोर तर मुले प्रत्यक्ष बसलेली आहेत, तेव्हा एका गटाला एका वेळी वीस मिनिटे पुरेत. रेंज नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक अ‍ॅपमधील पाठ आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ तालुक्याच्या गावी उतरवून आणा. चार्जिंग शाळेच्या वेळेत, नजरेसमोर करा. रात्रभर बंद कपाटात नको. बॅटरी फुगलेली दिसली तर तो टॅब बंद करून ताबडतोब वेगळा ठेवा.

शिक्षा म्हणून टॅब काढून घेऊ नका आणि बक्षीस म्हणूनही देऊ नका. तो पाटीसारखाच अभ्यासाचा आहे. नियम परिपाठात मुलांच्याच तोंडून, त्यांच्या घरच्या वारली किंवा कोकणा बोलीत वदवून घ्या. आणि कॅमेरा सरसकट बंद करू नका. ‘विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही’ हे शिकवून, मोठ्या मुलांकडून आजीच्या तोंडची एखादी गोष्ट ध्वनिमुद्रित करवून घ्या. पुस्तकात नसलेला पाठ शाळेला मिळेल.

प्रश्न : नातवाचा सगळा गृहपाठ टॅबवरच असतो. वहीत लिहिण्याचा आग्रह धरता येईल का?
– एक आजोबा, पुणे

उत्तर : जरूर धरा. दहावीची बोर्डाची परीक्षा आजही कागदावर, हातानेच लिहावी लागते. स्वीडननेही 2023 पासून छापील पुस्तके आणि हस्तलेखन यांवर पुन्हा भर दिला आहे. गणित टॅबवर पाहावे, पण वहीत सोडवावे, एवढी एकच सूचना वर्गशिक्षकांना लेखी द्या. दप्तराच्या ओझ्याचे कारण पुढे आले, तर शंभर पानी वही आणि टॅब वजनकाट्यावर शेजारी ठेवून पाहा.